जनावराच्या अंगावर कीटकनाशक पडलं तर आधी काय कराल?

खान्देशात कपाशीची फवारणी सुरू झाली की पंप, डबे आणि बैलजोडी एकाच बांधावर असतात. कधी पंप सांडतो, कधी वारा फिरतो. कुणी तर गोचीड मरावी म्हणून वावरातलं औषधच जनावराला चोळतं. आमच्याकडे एका पावसाळ्यात हेच झालं. संध्याकाळी बैलाच्या तोंडातून लाळेची तार जमिनीपर्यंत लोंबत होती, मांडीचं कातडं थरथरत होतं. बैल वाचला, पण आम्ही त्याला धुतलं ते दोन तासांनी. ते अजून सलतं.

विष कातडीतून आत जातच राहतं. म्हणून एकाने १९६२ वर फोन लावावा (फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा हा क्रमांक, पैसे लागत नाहीत) आणि दुसऱ्याने लगेच धुवायला लागावं.

पण आधी स्वतःला जपा. रबरी हातमोजे, गमबूट, पूर्ण बाह्यांचा सदरा घाला, वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा. जनावर सावलीत, पण विहीर आणि हाळापासून लांब घ्या. म्होरकी, कासरा, झूल उतरवा. भिजलेल्या दोरात विष मुरतं. तेवढ्यापुरता कोरडा दोर वापरा. जनावराने अंग चाटू नये म्हणून त्याचं डोकं कुणीतरी धरून ठेवावं. लाळ गळत असेल, धाप लागली असेल तर मुसकं मात्र घालू नका.

भुकटी सांडली असेल तर आधी कोरड्या फडक्याने हलकेच झटका. मग गार किंवा कोमट पाणी घ्या. गरम पाण्याने विष जास्त शोषलं जातं. पाठीपासून खाली, कपड्यांच्या साबणाचा फेस करून हाताने धुवा. वशिंडामागची खाच, गळ्याखालची पोळी, शेपटीखाली, कासेच्या घड्या, खुरांची बेचकी इथे औषध हमखास राहून जातं. काथ्याने खरवडू नका, ओरखड्यातून विष आत शिरतं. पाणी ओता, पुन्हा साबण लावा. असं दोन-तीनदा करा. डोळ्यांत गेलं असेल तर नुसत्या पाण्याची बारीक धार पंधरा मिनिटं सोडा.

रॉकेल नको, अंगाला तेल नको. तूप किंवा दूधही पाजू नका. आपल्याकडे हा उपाय घरोघरी सांगतात, पण तेलातुपाने काही विषं लवकर शोषली जातात आणि अशक्त जनावराचा घोट फुफ्फुसात जातो.

लाळ, डोळ्यांच्या बारीक झालेल्या बाहुल्या, थरथर, पातळ शेण, धाप यातलं काही दिसलं तर डॉक्टरांना औषधाचा डबा लेबलासकट दाखवा. ॲट्रोपिन या उताऱ्याचं इंजेक्शन ठरावीक विषांवरच चालतं, म्हणून ते डॉक्टरांनीच ठरवावं.

धुतलेलं पाणी नाल्यात सोडू नका. अंग कोरडं करा. गाय-म्हैस असेल तर दूध काढून टाका, वासराला पाजू नका. पुन्हा कधी वापरायचं ते डॉक्टरांना विचारा. मग स्वतः साबणाने आंघोळ करा, ते कपडे वेगळे धुवा. रात्री दोन-तीनदा उठून गोठ्यात टॉर्च मारा: रवंथ चालू आहे का, श्वास कसा आहे, ते बघा.