वाफेच्या काळातला अमेरिकन मालडबा: आधी ओळखा, मग बनवा

‘कुठलाही चाळीस फुटी डबा घ्या, हव्या त्या कंपनीची अक्षरं चिकटवा, लांबून कोण बघतंय?’ मॉडेल रेल्वेचा नाद लागलेल्या प्रत्येक नवख्याला हा सल्ला कुणीतरी देतंच. देणाऱ्याला घाई असते, घेणाऱ्याला माहिती नसते, आणि मग पेनसिल्व्हेनिया रेल्वेच्या नावाचा असा डबा रुळावर येतो, जो पेनसिल्व्हेनियाकडे कधी नव्हताच. हा लेख अमेरिकेतल्या वाफेच्या इंजिनांच्या काळातल्या मालडब्यांबद्दल आहे, त्यातही सगळीकडे दिसणाऱ्या चाळीस फुटी बंद डब्याबद्दल, म्हणजे बॉक्सकारबद्दल. स्केल एचओ, १:८७. चाकू, चिमटा, गोंद आणि ब्रश तुम्हाला वापरता येतात असं धरून चालतो.

१. साल ठरवा

‘वाफेचा काळ’ हे काही साल नव्हे. महिन्यापर्यंत ठरवता आलं तर उत्तम. माझा लेआउट (छोट्या रुळांची मांडणी) शिकागो अँड नॉर्थ वेस्टर्न रेल्वेचा, ऑक्टोबर १९४८ चा. एवढं ठरलं की निम्मे प्रश्न आपोआप सुटतात. डब्याखालची चारचाकी चौकट, जिला अमेरिकन लोक ट्रक म्हणतात, ती पट्ट्या बोल्टांनी जोडून केलेली आर्चबार जातीची असेल तर १९४८ च्या मालगाडीत तिला जागा नाही. १९४० च्या सुमारास तिला दुसऱ्या कंपन्यांच्या रुळांवर यायला बंदी झाली. नवे डबे १९३३ पासून एबी ब्रेक (नव्या जातीचा हवेचा ब्रेक) घेऊन बाहेर पडू लागले, पण जुना के ब्रेक पुढे पन्नाशीच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत टिकून होता. म्हणजे १९४८ मध्ये दोन्ही चालतात. पुलमन-स्टँडर्डचा पीएस-१ डबा १९४७ चा, तेव्हा तो असेल तर नवाकोरा दिसला पाहिजे. आणि छपरावरची चालायची फळी १९६६ नंतर हळूहळू गेली. आपल्या काळात ती प्रत्येक बंद डब्यावर हवीच.

२. कुणाकुणाचे डबे घ्यायचे

बॉक्सकार देशभर भटकते, कोळशाचा हॉपर (तळातून रिकामा होणारा उघडा डबा) बहुतेक घराजवळच राहतो. म्हणून तुमचा लेआउट आयोवात असला तरी पेनसिल्व्हेनिया आणि न्यूयॉर्क सेंट्रलचे बंद डबे भरपूर ठेवा. सगळ्यात मोठे ताफे त्यांचेच होते. सगळी गाडी आपल्याच आवडत्या कंपनीची करू नका. फळांसाठीचे बर्फाचे डबे वेगळ्याच मालकांचे. पॅसिफिक फ्रूट एक्सप्रेसचे नारिंगी डबे दोन-चार एका रांगेत लावले तरी खोटं वाटत नाही.

३. फोटो मिळवा

नुसत्या कंपनीचा नव्हे, त्या क्रमांकमालिकेतल्या डब्याचा फोटो. मालिका शोधायची ऑफिशियल रेल्वे इक्विपमेंट रजिस्टरमध्ये. त्यात कंपनीवार, मालिकावार डब्यांची आतली लांबी-रुंदी-उंची, दाराची रुंदी आणि त्या मालिकेतले किती डबे चालू आहेत हे दिलेलं असतं. जुने अंक स्कॅन करून ठेवलेले मिळतात. तुमच्या सालाच्या जवळचा अंक घ्या. मालिकेत चारच डबे उरले असतील तर तो नाद सोडा, हजारो आहेत ती मालिका बनवा. विचित्र डब्यांनी भरलेली गाडी प्रदर्शनासारखी दिसते, मालगाडीसारखी नाही.

जॅक डेलानो याने १९४२-४३ च्या हिवाळ्यात शिकागो परिसरातल्या यार्डांचे सरकारी कामासाठी काढलेले फोटो लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संग्रहात फुकट बघता येतात. काही चक्क रंगीत आहेत. त्यातला प्रोव्हिसो यार्डचा उंचावरून घेतलेला फोटो पूर्ण मोठा करून बघा: छपरंच छपरं, आणि एकाचा तपकिरी दुसऱ्यासारखा नाही. कारखान्यातून बाहेर पडलेल्या कोऱ्या डब्याचा फोटो मापांसाठी उत्तम, पण तो फक्त त्या दिवसापुरता खरा. अकरा वर्षांनी त्याच डब्याचा ब्रेक बदललेला असू शकतो, रंग आणि घोषवाक्यही.

४. डबा वाचा: इथेच सगळं अडतं

माझी सर्वांत जास्त वर्षं इथे गेली, म्हणून इथे सावकाश जाऊ.

नव्या माणसाची नजर आधी बाजूच्या भिंतीवर जाते, कारण नाव तिथे असतं. नाव विसरा. डबा ओळखायचा तो टोकाच्या भिंतीवरून. तिरका, म्हणजे एक बाजू आणि एक टोक दोन्ही दिसतील असा फोटो हातात घ्या. पोलादी टोक साधारण दोन पत्र्यांचं असतं, मधे रिवेटांची आडवी ओळ, आणि प्रत्येक पत्र्यावर दाबून काढलेले आडवे उभार. ओळीच्या वर किती आणि खाली किती हे मोजायचं, वरचा आकडा आधी.

वर चार, खाली पाच, कोपरे चौकोनी: १९३७ चा एएआर (अमेरिकन रेल्वे कंपन्यांची संघटना) आराखड्याचा डबा, आतली उंची १० फूट. वर पाच, खाली पाच: त्याच आराखड्याचा वाढवलेला भाऊ, उंची साधारण १० फूट ६ इंच. यांच्या उभारांमध्ये, कडेला, छोटे टोकदार उभार दिसतात. युद्धाच्या शेवटी, १९४४ पासून, उभाराची घडण बदलली: मधे जाड, दोन्ही बाजूंना निमुळता, अगदी लाटण्यासारखा. हे टोक दिसलं की डबा १९४४ च्या आधीचा नाही, आणि तुमचं साल १९४१ असेल तर तो किट दुकानातच राहू द्या. पेनसिल्व्हेनियाचा एक्स-२९ हा १९२४ पासूनचा. बुटका, आणि सुरुवातीच्या डब्यांचं टोक चक्क सपाट पत्र्याचं. त्याच्या बाजूच्या भिंती खालून गंजत, म्हणून चाळिशीतल्या फोटोंत तळाशी ठिगळं मारलेली दिसतात. ती ठिगळं मॉडेलवर केलीत तर डबा लगेच खरा वाटू लागतो, आणि लागतो फक्त पातळ प्लास्टिकचा तुकडा.

टोकाला तीन पत्रे, प्रत्येकावर पाच उभार, पण बाजू मात्र पोलादी? मग तो बहुधा नवा डबा नाहीच. पहिल्या महायुद्धात सरकारने रेल्वे ताब्यात घेतल्या आणि १९१८ मध्ये यूएसआरएचे (रेल्वे चालवणाऱ्या सरकारी खात्याचे) प्रमाणित लाकडी डबे हजारोंनी बांधले. तीस-चाळीसच्या दशकांत अनेक कंपन्यांनी त्यांचा लाकडी साज उतरवून पोलादी बाजू चढवल्या. टोक जुनं, बाजू नवी. आणखी एक खूण: नवी भिंत जुन्या चौकटीच्या बाहेर येते, त्यामुळे तिच्या तळाशी आधाराचे छोटे कंस दिसतात. फोटोत तळाची कड नीट बघा, अंधारात असली तरी. ही कड जो बघत नाही, तो या पुनर्बांधणीच्या डब्याला हमखास १९३७ चा समजतो.

लाकूड दिसलं म्हणजे जुना, हाही एक गैरसमज. १९४३-४४ मध्ये पोलाद रणगाड्यांकडे गेलं तेव्हा बाजूला लाकडी फळ्या आणि बाहेर पोलादी तिरपे आधार असलेले बंद डबे नव्याने बांधले गेले. टोकं आणि छप्पर बघितलंत तर साल चुकत नाही.

छप्पर हा तिसरा साक्षीदार, पण फोटोत तो क्वचित हजर असतो. चौकोनी उठाव असलेले पत्रे युद्धाच्या आधीपासूनचे, तिरपे उठाव असलेले साधारण १९४८ पासूनचे. पीएस-१ च्या छपरावर मधे चिमटलेल्या बो-टायच्या आकाराचे उठाव असतात.

आता उंची. १० फूट आणि १० फूट ६ इंच यांतला फरक एचओमध्ये पावणेदोन मिलिमीटर होतो. ‘एवढ्याने काय होतंय’ म्हणणाऱ्याला दहा डबे एका रांगेत लावून रुळाच्या पातळीवरून छपरांची रेघ बघायला सांगा. उंची ठरवायला शिडीच्या पायऱ्या मोजू नका. सात की आठ हे कंपनीच्या मर्जीवर होतं. दाराच्या रुंदीवरून माप काढू नका, दारं सहा फुटांची होती तशी सात-आठ फुटांचीही होती. अगदी समोरून काढलेला फोटो असेल तर ३३ इंची चाकावरून मापून बघा, पण त्यावर पैज लावू नका.

त्याहून सोपं म्हणजे डब्यावर लिहिलेलंच वाचा. उजवीकडे खाली बारीक अक्षरांत आतली मापं आणि शेवटी घनफूट दिलेले असतात. फोटो मोठा करा आणि तो शेवटचा आकडा शोधा. ३७१२ असेल तर उंची १० फूट. ३८९८ असेल तर १० फूट ६ इंच. ३३०० च्या आसपास असेल तर १९३२ चा एआरए (एएआरच्या आधीची संघटना) डबा, ९ फूट ४ इंची. इतक्या वादांचा निकाल एका आकड्यात लागतो आणि तरी लोक पायऱ्या मोजत बसतात.

फक्त काळ्या-पांढऱ्या फोटोवरून रंग ठरवू नका. जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल दिसतच नव्हता, लालसर तपकिरी डबा तिच्यात काळा येतो. त्या फोटोंवरून काळे केलेले बंद डबे मी प्रदर्शनांत पाहिले आहेत.

बाल्टिमोर अँड ओहायोचे गोल छपराचे वॅगन-टॉप आणि मिलवॉकी रोडचे बाजूला आडव्या पन्हळी असलेले डबे ओळखायला सोपे. पण त्यांची नक्कल दुसऱ्या कशातून होत नाही. हवे असतील तर त्यांचाच किट घ्या.

५. किट

डबा ओळखला की किट निवडायला पाच मिनिटं लागतात. टोक जुळलं पाहिजे, उंची जुळली पाहिजे. दार, हँडब्रेकचं चाक, छपरावरची फळी बदलता येतात. केडी कंपनीचा पीएस-१ देखणा आहे, म्हणून त्यावर १९४२ ची अक्षरं लावू नका.

६. जोडणी

सूचनापत्रक वाचा आणि जोडा. वजन ११० ग्रॅमच्या आसपास ठेवा (एनएमआरए या अमेरिकेतल्या मॉडेल रेल्वे संघटनेचं सूत्र: एक औंस, अधिक लांबीच्या प्रत्येक इंचाला अर्धा औंस). कपलर (डबे जोडणारा आकडा) गेजवर तपासा, चाकं धातूची घ्या. एबी ब्रेकचे सिलिंडर, टाकी आणि व्हॉल्व्ह असे तीन वेगळे भाग दिसतात, के ब्रेकचा बहुतेक एकच ऐवज. फोटोत जे दिसतं ते लावा. ट्रक मात्र किटमध्ये आले म्हणून वापरू नका. फोटोतले आणि किटमधले ट्रक सारखे निघाले तर नशीब समजा.

७. रंग आणि अक्षरं

रंग पातळ, दोन हातांत. वर चकचकीत वार्निश, नाहीतर डेकलची (पाण्यात भिजवून चिकटवायच्या छापील अक्षरांची) फिल्म चमकते. रिवेटांच्या ओळींवर डेकल सेटिंग द्रव दोन-तीनदा लावा, फुगा आला की सुईने टोचा आणि पुन्हा लावा. पावसाळ्यात आपल्याकडे प्रत्येक थर वाळायला दुप्पट वेळ लागतो, एवढं लक्षात ठेवा.

डेकल कापण्याआधी एक हिशेब करा, जो सूचनापत्रकात नसतो. बाजूच्या डाव्या भागात क्षमता, भारमर्यादा आणि रिकामं वजन असे तीन आकडे एकाखाली एक असतात. पन्नास टनी डब्यात भारमर्यादा आणि रिकामं वजन यांची बेरीज १,६९,००० पौंड यायला हवी, कारण त्याच्या आसांच्या बेअरिंगांवर एकूण तेवढंच वजन चालायचं. चाळीस टनीला १,३६,०००, सत्तर टनीला २,१०,०००. उदाहरणार्थ, रिकामं वजन ४५,२०० असेल तर भारमर्यादा १,२३,८०० हवी. बेरीज जुळली नाही तर डेकल वेगवेगळ्या डब्यांचे तुकडे जोडून छापलेलं आहे. एखादा अंक कापून बदला, बेरीज जुळवा, पुढे चला.

८. मळवणं

डबा मळवताना काळा आणि गंज एवढेच दोन रंग वापरणाऱ्यांनी डेलानोचे फोटो पुन्हा बघावेत. धूळ खालून वर चढते, काजळी वरून खाली येते, आणि छप्पर बाजूपेक्षा नेहमी जास्त काळवंडलेलं असतं. पातळ राखाडी-तपकिरी रंगाचा हात, मग पावडर, मग मॅट वार्निश.

वजनाचा चौकोन सर्वांत शेवटी. डबा ठरावीक काळाने पुन्हा तोलला जायचा. तेव्हा जुने आकडे ताज्या रंगाने झाकून नवं वजन, नवी भारमर्यादा, आणि शेजारी तोलणाऱ्या ठिकाणाची संक्षिप्त खूण व महिना-साल लिहायचे. म्हणून मळवून झालेल्या डब्यावर, फक्त त्या आकड्यांच्या जागी, मूळ रंगाचा स्वच्छ आयत रंगवा आणि त्यावर नवे आकडे लावा. तारीख तुमच्या सालाच्या दोन-अडीच वर्षं आतली असू द्या. माझ्या ऑक्टोबर १९४८ च्या गाडीत ‘३-४७’ चालतं, ‘१२-४८’ नाही. आयतावर हलकीशी धूळ मारा, ताजा दिसला पाहिजे, पण कालचा नको. मग कपलर पुन्हा एकदा गेजवर तपासून डबा गाडीत जोडा.