फायबर टाकायचंय? आधी खाली काय आहे ते बघा

फायबरमध्ये करंट नसतो, म्हणून नवी पोरं निर्धास्त असतात. जीव घेतं ते शेजारी आधीच पुरून ठेवलेलं. पुण्यातल्या एकाच फुटपाथखाली विजेची केबल, गॅसची पाइप, पाण्याची लाइन आणि दुसऱ्याचं फायबर असं सगळं सापडतं.

परवानगी आली की 'कॉल बिफोर यू डिग' ॲपवर खोदाईची माहिती टाका. केंद्र सरकारने ते 2023 मध्ये आणलं. खाली ज्यांच्या लाइनी आहेत त्यांना त्यावरून निरोप जातो. पण तेवढ्यावर जेसीबी लावू नका. भागातल्या वायरमनला आणि पाण्याच्या चावीवाल्याला चहाला बोलवा. लाइन कधी कुठून वळवली हे नकाशापेक्षा त्यांना जास्त ठाऊक असतं.

मग हाताने ट्रायल पिट, म्हणजे तपासणीचा खड्डा घ्या, रूटला आडवा. पहार नको, फावडं चालवा आणि मातीकडे लक्ष ठेवा. मुरमात मध्येच स्वच्छ वाळू लागली किंवा विटांची ओळ दिसली, की हात थांबवा. विजेची केबल टाकताना भोवती वाळू आणि वर विटा किंवा फरशा घालतात. 11 केव्हीची केबल साधारण 90 सेंटीमीटर खाली असायला हवी, पण रस्ता खरवडला गेला असेल तर बरीच वर भेटते. "ही बंद आहे साहेब" असं सांगणारा प्रत्येक साइटवर एक असतोच. त्याचं ऐकायचं नाही. लेखी खात्री होईपर्यंत ती चालूच समजायची. गॅसचा वास आला तर मशीन बंद करा, माणसं लांब न्या, आणि फोनही लांब जाऊनच लावा.

भारतनेटच्या, म्हणजे गावोगावी इंटरनेट नेणाऱ्या सरकारी योजनेच्या कामात साध्या जमिनीत 1.65 मीटर खोली धरतात. म्हणजे उभा माणूस जवळजवळ डोक्यापर्यंत चरात. दीड मीटरच्या खाली गेलात की बाजूंना फळ्यांचा आधार हवाच, काळ्या मातीत तर आधीपासून. एक घनमीटर माती दीड टनाच्या आसपास भरते, छातीवर पडली तर श्वास घेता येत नाही. काढलेली माती काठापासून दीड मीटर लांब टाका, जेसीबीही काठाला उभा करू नका. आणि दुपारी सावली म्हणून चरातच डबा उघडून बसलेले असतात, त्यांना उठवा. त्यांना राग येतो, येऊ द्या.

डक्ट, म्हणजे फायबरची केबल जिच्यातून जाते ती नळी, टाकल्यावर दोन्ही तोंडांना प्लग मारा, अर्धा चर बुजला की वॉर्निंग टेप अंथरा. केबल ब्लो करताना, म्हणजे हवेच्या दाबाने आत ढकलताना, डक्टच्या दुसऱ्या तोंडासमोर कुणी उभं राहायचं नाही. केबलच्या टोकाला लावलेला दाबाखालचा शटल सुटला तर गोळीसारखा येतो. केबल वाकवताना वळणाची त्रिज्या तिच्या जाडीच्या 20 पटीखाली जाऊ देऊ नका.

जॉइंटिंगला, म्हणजे फायबरची टोकं जोडायला बसलात की खाणं बंद. फायबरची काच जेमतेम 0.125 मिलिमीटर जाडीची. तुकडा बोटात घुसला तर दिसत नाही, नुसता टोचत राहतो. काळी मॅट अंथरा, चष्मा लावा, प्रत्येक तुकडा चिकटपट्टीवर घेऊन झाकणाच्या डब्यात टाका. आणि टोकात डोकावू नका. 1310 आणि 1550 नॅनोमीटरचा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, पण इजा करू शकतो. लाइन चालू आहे का, ते प्रकाश मोजणारं पॉवर मीटर लावून बघायचं.