ॲक्सोलॉटलच्या किरकोळ जखमा: घरी काय करावे, काय टाळावे

टाकीतल्या सोबत्याने पायाची बोटे चावली, कल्ल्याचा तुरा फाटला किंवा टोकदार दगडाला घासून कातडी सोलवटली, की ॲक्सोलॉटल (आयुष्यभर पाण्यात राहणारा, सॅलमँडर कुळातला उभयचर प्राणी) पाळणाऱ्याचा जीव कासावीस होतो आणि काहीतरी औषध लावले पाहिजे असे त्याला वाटू लागते. प्रत्यक्षात अशी जखम भरून काढण्याचे काम हा प्राणी स्वतःच करतो. तुटलेला पाय, शेपटीचे टोक, कल्ले हे सारे त्याला पुन्हा फुटते आणि बहुधा व्रणही मागे राहत नाही. तोवर त्याला स्वच्छ आणि थंड पाणी पुरवणे एवढेच पाळणाऱ्याचे काम आहे, मात्र त्यात कसूर चालत नाही.

प्रथम जखम किरकोळ आहे की नाही हे ठरवावे. बोटे किंवा पायाचा पंजा जाणे, कल्ल्यांचे धागे तुटणे, शेपटीच्या पडद्याला चीर जाणे आणि वरवरचे खरचटणे यांवर घरी उपाय करता येतो. धडावर खोल जखम असेल, रक्त थांबत नसेल, जखमेभोवती सूज किंवा पोटावर व पायांवर लालसर चट्टे दिसत असतील, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता विदेशी प्राण्यांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्याकडे जावे. असे पशुवैद्य सर्वत्र नसतात. म्हणून त्यांचा पत्ता प्राणी धडधाकट असतानाच शोधून ठेवलेला बरा.

जखमी प्राण्याला टाकीतून काढून झाकण असलेल्या प्लास्टिकच्या टबात एकटे ठेवावे. जाळीत कल्ले अडकून आणखी फाटू शकतात. त्यामुळे तो टब किंवा एखादा डबा पाण्यात बुडवून प्राण्याला पाण्यासकट त्यात घेणे सर्वांत सुरक्षित असते. टब कधीही साबणाने धुतलेला नसावा आणि प्राण्याला त्यात सहज वळता येईल एवढा तो मोठा असावा. या टबाला फिल्टर नसल्यामुळे विष्ठेतून तयार होणारा अमोनिया पाण्यातच साठत जातो, म्हणून रोज सगळे पाणी बदलावे लागते. त्यासाठी सारख्या आकाराचे दोन टब घ्यावेत: एकात प्राणी असताना दुसऱ्यात उद्याचे पाणी तयार ठेवावे, दोन्हींचे तापमान थर्मामीटरने सारखे असल्याची खात्री करावी आणि मगच प्राण्याला हलवावे. नळाच्या पाण्यातील क्लोरीन काढण्यासाठी मत्स्यालयाच्या दुकानात मिळणारे क्लोरीननाशक वापरावे. पाणी रात्रभर उघडे ठेवल्याने क्लोरीन उडून जातो, पण क्लोरामिन (पाणी निर्जंतुक करण्यासाठी वापरले जाणारे क्लोरीन-अमोनियाचे संयुग) जात नाही. मात्र कोरफडीचा अर्क घातलेले क्लोरीननाशक घेऊ नये.

आता पाण्याच्या थंडाव्याविषयी. मेक्सिको सिटीजवळचे सोचिमिल्को हे या प्राण्याचे मूळ ठिकाण समुद्रसपाटीपासून सुमारे 2,240 मीटर उंचीवर आहे आणि तिथले पाणी थंड असते. पाळीव ॲक्सोलॉटललाही 16 ते 18 अंश सेल्सिअस पाणी मानवते. 24 अंशांच्या वर गेल्यास त्याच्यावर ताण येतो, पाण्यातील प्राणवायू घटतो आणि जखमेवर बुरशी व जिवाणू झपाट्याने वाढतात. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे गच्चीवरच्या टाकीतून येणारे पाणी याहून कितीतरी गरम असते. पाण्यावर वारा सोडणारा छोटा पंखा नागपूरच्या कोरड्या हवेत तापमान काही अंशांनी उतरवतो, पण मुंबईच्या दमट हवेत त्याचा उपयोग फारसा होत नाही. तिथे पाणी भरून गोठवलेल्या, घट्ट बंद केलेल्या बाटल्या टबात आळीपाळीने तरंगत ठेवाव्यात किंवा टब वातानुकूलित खोलीत हलवावा. बर्फ थेट पाण्यात टाकू नये. तापमान तासाला एक-दोन अंशांपेक्षा वेगाने उतरता कामा नये. टब फ्रिजमध्ये ठेवण्याची रीतही अनेक पाळणारे सांगतात. ती पशुवैद्याच्या सल्ल्याशिवाय वापरू नये, कारण किरकोळ जखमेसाठी एवढ्या थंडीची गरज नसते.

जखम दिसली की हळद लावणे हे आपल्या हाताला इतके सवयीचे आहे की त्याबद्दल वेगळे सांगावे लागते: ॲक्सोलॉटलला हळद, डेटॉल, हायड्रोजन पेरॉक्साइड किंवा माणसांचे कोणतेही मलम लावू नये. त्याची त्वचा पातळ आणि शोषक असते. वर लावलेले औषध तिच्यातून थेट शरीरात जाते आणि उरलेले पाण्यात उतरून कल्ल्यांपर्यंत पोहोचते. माशांसाठी विकली जाणारी, तांबे किंवा मॅलाकाइट ग्रीन असलेली औषधेही त्याला अपायकारक ठरतात.

जखमेवर कापसासारखा पांढरा पुंजका दिसू लागला तर ती बुरशी समजावी. नव्याने फुटणारे कल्ल्यांचे टोक फिकट, जवळजवळ पारदर्शक दिसते आणि नवखे पाळणारे त्यालाच बुरशी समजून उपचार सुरू करतात; पुंजका केसाळ असेल तरच पुढे जावे. एक लिटर क्लोरीनरहित थंड पाण्यात सुमारे 10 ग्रॅम आयोडीनविरहित मीठ पूर्ण विरघळवून प्राण्याला त्यात 10 मिनिटे ठेवावे आणि लगेच साध्या ताज्या पाण्यात परत न्यावे. ही मिठाची अंघोळ दिवसातून एकदा, फार तर दोनदा द्यावी. जास्त वेळ ठेवल्यास त्वचा आणि कल्ले पोळतात, म्हणून घड्याळ समोर ठेवूनच हे करावे. बुरशी हाताने किंवा चिमट्याने ओढून काढू नये. सौम्य उपाय म्हणून देशी बदामाचे आपोआप गळलेले, तपकिरी, वाळलेले पान धुऊन टबात टाकता येते. पाणी चहासारखे पिवळसर होते, ते चालते. त्यातील टॅनिन बुरशीला काही प्रमाणात आवर घालतात. फवारणी होत असलेल्या किंवा वर्दळीच्या रस्त्यालगतच्या झाडाचे पान मात्र घेऊ नये. दोन-तीन दिवसांत बुरशी हटली नाही, तर मिथिलीन ब्ल्यूसारखे औषध आणि त्याची मात्रा पशुवैद्यानेच ठरवावी.

चावलेल्या पंजाकडे रोज एकदा, टब न हलवता पाहावे. पहिल्या दिवशी कडा फाटकी आणि लालसर असते. एक-दोन दिवसांत तिच्यावर गुळगुळीत, पातळ त्वचा चढते. पुढे काही आठवड्यांत टोकाला फिकट, शंकूसारखा कोंब येतो, तो चपटा होतो आणि मग त्यातून बोटे वेगळी होऊ लागतात: पुढच्या पायाला चार, मागच्याला पाच. चावल्याने झालेल्या जखमेतून कधीकधी एखादे बोट जास्त किंवा वाकडे येते; त्याने प्राण्याचे काही अडत नाही. लहान पिलांत हे सारे लवकर उरकते, प्रौढांत काही महिनेही लागतात. या काळात गांडुळाचे तुकडे नेहमीच्याच वेळेला द्यावेत आणि उरलेले लगेच उचलावेत. एक-दोन दिवस खाणे टाळले तर घाबरू नये; आठवडाभर काहीच न खाल्ल्यास किंवा कल्ले सतत पुढे वळलेले दिसल्यास पशुवैद्याला दाखवावे.

पाय पूर्ण येईपर्यंत टबात ठेवण्याची गरज नाही. त्वचा जुळली, बुरशी नाही आणि भूक परतली, एवढे पुरते. मात्र परत सोडण्याआधी टाकीतील अमोनिया आणि त्यापासून बनणारे विषारी नायट्राइट शून्य असल्याचे चाचणी संचाने तपासावे, टोकदार दगड काढावेत आणि फिल्टरच्या ओढीच्या तोंडाला स्पंज बसवावा. जखम सोबत्याच्या चाव्याची असेल तर दोघांना स्वतंत्र टाक्यांतच ठेवावे. चावणाऱ्याच्या मनात वैर नसते. तोंडाजवळ जे हलेल ते गिळायचे एवढेच त्याला ठाऊक असते, आणि नव्याने फुटलेली बोटेही त्याच्यासमोर तशीच हलणार असतात.