मरीन टँकसाठी चिखल-शेवाळाचं रिफ्युजियम, बडोद्यात बसून

समुद्री माशांच्या टँकखालच्या संपमधे (पाणी गाळायच्या खालच्या टाकीत) एक कप्पा रिकामा असेल तर रिफ्युजियम, म्हणजे पाणी साफ ठेवायला शेवाळ वाढवायचा कप्पा, करून टाका, पण एक आधीच सांगतो, माशांच्या घाणीतून पाण्यात साठणारं नायट्रेट-फॉस्फेट ओढायचं मुख्य काम शेवाळ करतं, चिखलाचा नंबर नंतर. लोक महागडा चिखल घेतात आणि लाइटच्या वेळी हात आखडता घेतात, मग शेवाळ पांढरं पडलं की विचारत फिरतात.

कप्पा टँकच्या निदान 10 टक्के तरी हवा, 200 लिटरला 20 लिटर, जास्त मिळाला तर चांगलंच. स्किमरचे (फेसातून घाण काढणाऱ्या यंत्राचे) बुडबुडे आत येऊ नयेत म्हणून मधे काच लावून घ्या. आणि संप काठोकाठ भरू नका, लाइट गेली की वरचं पाणी खाली उतरतं, तेवढी जागा हवीच, नाहीतर फरशीवर खारं पाणी.

चिखल पॅकबंद, मरीनसाठीचाच घ्या. जंबुसरकडच्या कावी-कंबोईला, समुद्रकाठच्या महादेवाच्या दर्शनाला गेलं की ओहोटीनंतरचा तो मऊ गाळ बघून पिशवी भरायचा मोह होतोच, पण नको. बडोद्याच्या कारखान्यांचं सांडपाणी नेणारा चॅनेल त्याच जंबुसरकडच्या किनाऱ्याला जाऊन मिळतो, त्या गाळात काय काय असेल कोण सांगणार. जामनगरकडून कोरल-बिरल उचलून आणायचं तर नावच काढू नका, तिथे मरीन नॅशनल पार्क आहे आणि कोरलला वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे.

आता चिखल घालायचा कसा, इथेच घोळ होतो. रिटर्न पंप (संपमधलं पाणी वर टँकमधे चढवणारा) बंद करा, वर टँकमधे वेव्हमेकर (पाणी हलवत ठेवणारा पंप) चालू राहू द्या, हीटर संपमधे असेल तर तो वर हलवा. कप्प्यात थोडंच पाणी ठेवा, चिखल टँकच्याच पाण्यात भिजवून हाताने 3-4 सेंटीमीटरचा थर पसरा, त्यावर एक ताटली पालथी घाला आणि एअरलाइनच्या नळीने पाणी ताटलीवर बारीक धारेने सोडा. रात्रभर बसू द्या. सकाळी पंप चालू केल्यावर थोडं गढूळ दिसेल, त्याने घाबरू नका.

शेवाळ चिटोच (किटोमॉर्फा) घ्या. हाताला भांडी घासायच्या नायलॉनच्या घासणीसारखं लागतं, मुळं धरत नाही, उचलून कापता येतं. कॉलर्पा हे दुसरं शेवाळ दिसायला झकास, पण एकदा प्रजननपेशी सोडल्या की एका रात्रीत पांढरं होऊन सगळं पाणी दुधाळ, म्हणून मी कोणाला सुचवत नाही. आणलेला चिटो आधी टँकच्या पाण्याच्या बादलीत नीट खंगाळा, एप्टेशिया (टँकभर पसरणारा उपद्रवी समुद्रफूल प्राणी) चिकटून येतो.

लाइट 6500 केल्विनचा एलईडी पुरे, पण टँकचा लाइट बंद झाल्यावर लावायचा, रात्रभर. अंधारात टँकमधे कार्बन डायऑक्साइड वाढून पीएच उतरतो, शेवाळ तो गॅस खातं, त्यामुळे उतार कमी होतो. कोपेपॉड (माशांचं खाद्य होणारे बारीक जीव) सोडायचे तेही रात्री, पंप थोडा वेळ बंद ठेवून.

पाणी आरओ-डीआय फिल्टरचं, टीडीएस (विरघळलेले क्षार) शून्य, कॉर्पोरेशनचं सरळ ओतलंत तर नको असलेलं शेवाळच फोफावेल. मे महिन्यात पंखा लावला की पाणी भराभर उडतं, पण मीठ उडत नाही, म्हणून टॉप-अप नेहमी गोड्या पाण्याचा, सॅलिनिटी (खारटपणा) विशिष्ट गुरुत्वात 1.025 च्या आसपास.

चिटोने कप्पा भरला की एक तृतीयांश काढा, जास्त ओरबाडू नका, काढलेलं वाळवून कचऱ्यात, गटारात नाही. वाढ थांबली तर नायट्रेट मोजा, तो शून्यावर असेल तर शेवाळ उपाशी आहे, माशांना थोडं जास्त खाऊ घाला.