चित्रपटांपलीकडचे स्टार वॉर्स: कादंबऱ्या कुठून आणि कशा वाचाव्यात

स्टार वॉर्सचे चित्रपट मनापासून आवडलेला वाचक त्या विश्वातील कादंबऱ्यांकडे वळतो, तेव्हा त्याच्यासमोर सुमारे पन्नास वर्षांत लिहिली गेलेली शेकडो पुस्तके उभी राहतात. त्यांतले पहिले कोणते घ्यावे, हे कोणत्याही मुखपृष्ठावर लिहिलेले नसते. कोल्हापुरातील माझ्या ओळखीचे तरुण वाचक हा प्रश्न वारंवार विचारतात. बहुतेकांनी आधीच एक यादी कुठून तरी मिळवलेली असते, आणि त्या यादीत सर्व पुस्तके कथेतील काळानुसार, म्हणजे हजारो वर्षांपूर्वीच्या जेडाय योद्ध्यांपासून पुढे, ओळीने लावलेली असतात. या क्रमाने वाचू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्याला प्रिय असलेल्या पात्राजवळचे किंवा प्रसंगाजवळचे एक चांगले पुस्तक निवडावे, आणि तिथून पुढे पुस्तके ज्या क्रमाने प्रसिद्ध झाली त्या क्रमाने सरकावे.

प्रकाशनाच्या क्रमाला एवढे महत्त्व का, हे सुरुवातीच्या दोन पुस्तकांवरून कळते. पहिला चित्रपट २५ मे १९७७ रोजी प्रदर्शित झाला, पण त्यावरची कादंबरी १९७६च्या अखेरीसच बाजारात आली होती. मुखपृष्ठावर चित्रपटाचे दिग्दर्शक जॉर्ज लुकास यांचे नाव असले, तरी लेखन ॲलन डीन फॉस्टर यांचे होते. चित्रपटात नायक ल्यूक ज्या लढाऊ तुकडीतून उड्डाण करतो ती लाल, तर पुस्तकात ती निळी आहे, कारण पुस्तक छापले गेले तेव्हा चित्रपटातील तपशील अजून बदलत होते. याच फॉस्टर यांनी १९७८मध्ये ‘स्प्लिंटर ऑफ द माइंड्स आय’ ही स्वतंत्र कथानकाची कादंबरी लिहिली आणि तीत ल्यूक व राजकन्या लेया यांच्यात हळुवार आकर्षणाची छटा ठेवली. ती दोघे बहीणभाऊ आहेत, हे प्रेक्षकांना कळले १९८३मध्ये, तिसऱ्या चित्रपटात. कथेच्या काळानुसार वाचणाऱ्याला हे पुस्तक चुकीचे वाटते. १९७८ सालचे पुस्तक म्हणून वाचणाऱ्याला मात्र ते विश्व अजून घडत असताना त्यात कोणकोणत्या शक्यता होत्या, ते दिसते. म्हणून पुस्तक हाती घेतल्यावर सर्वप्रथम आतल्या पानावरील प्रकाशनवर्ष पाहावे आणि तोवर कोणते चित्रपट आलेले होते, एवढे मनाशी ठरवून घ्यावे.

दुसरी गोष्ट पाहायची ती मुखपृष्ठावरील ‘लेजंड्स’ ही पट्टी. २०१२मध्ये डिस्नेने स्टार वॉर्सची निर्माती कंपनी लुकासफिल्म विकत घेतल्यानंतर एप्रिल २०१४मध्ये असे जाहीर झाले की, तोवर प्रसिद्ध झालेल्या कादंबऱ्यांना नव्या चित्रपटांच्या दृष्टीने अधिकृत इतिहास मानले जाणार नाही; त्यांची पुनर्मुद्रणे ‘लेजंड्स’ या नावाखाली निघतील. सप्टेंबर २०१४मधील ‘अ न्यू डॉन’पासून नव्या, अधिकृत कथाविश्वातील कादंबऱ्या सुरू झाल्या. जुन्या प्रतींवर अर्थातच ही पट्टी नसते, त्यामुळे तिथेही प्रकाशनवर्षच उपयोगी पडते. दोन्ही विश्वांतील पुस्तके वाचावीत, परंतु एका विश्वातील घटना दुसऱ्यात घडल्या असे गृहीत धरू नये.

‘लेजंड्स’ म्हणजे रद्द झालेली, म्हणून वेळ वाया घालवणारी पुस्तके, हा समज मला फार खटकतो. कोल्हापूरच्या वाचकाला तर तो शोभतच नाही. याच शहरात राहिलेल्या वि. स. खांडेकरांनी महाभारतातील एका उपाख्यानावरून ‘ययाति’ लिहिली आणि ती ययाति, देवयानी व शर्मिष्ठा या तिघांच्या मुखांतून सांगितली. आजऱ्याच्या शिवाजी सावंतांनी १९६७मध्ये ‘मृत्युंजय’मधून कर्णाला त्याचा आवाज दिला. ही पुस्तके वाचताना आपण व्यासांच्या संहितेशी ओळ न् ओळ पडताळून पाहत नाही. परिचित कथेतील एका माणसाच्या मनात लेखक किती खोल उतरला, हे पाहतो. सामायिक कथाविश्वातील कादंबरी कशी वाचावी, याची सवय मराठी वाचकाला अशी आधीपासून आहे. तीच इथे वापरावी.

आता प्रत्यक्ष निवडीकडे येऊ. मूळ तीन चित्रपट आवडणाऱ्याने टिमथी झान यांच्या ‘एअर टू द एम्पायर’ने (१९९१) सुरुवात करावी आणि त्याच त्रिखंडाचे पुढील दोन भाग, ‘डार्क फोर्स रायझिंग’ (१९९२) व ‘द लास्ट कमांड’ (१९९३), सलग वाचावेत. कथा तिसऱ्या चित्रपटानंतर सुमारे पाच वर्षांनी सुरू होते. विजयी बंडखोरांना आता राज्य चालवायचे आहे आणि पराभूत साम्राज्याच्या उरल्यासुरल्या आरमाराला थ्रॉन नावाचा सेनानी मिळाला आहे, जो शत्रूच्या चित्रकलेचा आणि शिल्पांचा अभ्यास करून त्याच्या युद्धनीतीतील उणिवा ओळखतो. क्रौर्यापेक्षा बुद्धीने भीती निर्माण करणारा असा खलनायक चित्रपटांत नव्हता. साम्राज्याच्या राजधानीला ‘कोरुसांट’ हे नाव याच पुस्तकात मिळाले आणि पुढे १९९९च्या चित्रपटाने ते स्वीकारले. थ्रॉनचे महत्त्व तर असे की, ‘लेजंड्स’ बाजूला ठेवल्यानंतर अवघ्या दोन वर्षांत, २०१६मध्ये, तो ‘रेबेल्स’ या ॲनिमेशन मालिकेतून अधिकृत विश्वात परतला आणि २०१७मध्ये झान यांनीच त्याच्यावर ‘थ्रॉन’ ही नवी कादंबरी लिहिली. १९९१ आणि २०१७ची ही पुस्तके पाठोपाठ वाचावीत. एकच लेखक एकाच पात्राला दोन वेगळ्या इतिहासांत कसे उभे करतो, हे अशा वाचनातून फार चांगले समजते.

ज्यांना एकाच पुस्तकात पूर्ण होणारी कथा हवी आहे, त्यांच्यासाठी क्लॉडिया ग्रे यांची ‘लॉस्ट स्टार्स’ (२०१५) आहे. एकाच ग्रहावर वाढलेली दोन मुले साम्राज्याच्या लष्करी प्रबोधिनीत दाखल होतात. पुढे एक जण बंडखोरांना जाऊन मिळतो आणि दुसरी आपल्या शपथेला बांधलेली राहते. मूळ चित्रपटांतील मोठे प्रसंग त्यांच्या आयुष्याच्या कडेने घडत जातात. पुस्तक किशोरांसाठी म्हणून प्रसिद्ध झाले असले, तरी मोठ्यांनी ते टाळू नये. ज्यांना ॲनाकिन या जेडाय योद्ध्याच्या पतनाचा चित्रपट अपुरा वाटला असेल, त्यांनी मॅथ्यू स्टोव्हर यांचे ‘रिव्हेंज ऑफ द सिथ’ (२००५) वाचावे. चित्रपटाच्या पटकथेवरून लिहिलेल्या कादंबऱ्यांत मी ते सर्वांत वर ठेवतो, कारण लेखक मधूनच वाचकाला थेट द्वितीय पुरुषात संबोधून पात्राच्या मनात उभे करतो आणि पडद्यावर न पोचलेली भीती इथे पोचते.

‘न्यू जेडाय ऑर्डर’ या १९ कादंबऱ्यांच्या मालिकेने (१९९९ ते २००३) सुरुवात करू नये. तिच्या पहिल्याच पुस्तकात मूळ चित्रपटांतील एका लाडक्या पात्राचा मृत्यू होतो, आणि त्याआधीच्या कादंबऱ्यांतून त्या पात्राशी नाते जुळलेले नसेल तर त्या मृत्यूचे वजन जाणवत नाही. २०२१मध्ये ‘लाइट ऑफ द जेडाय’ने सुरू झालेला ‘हाय रिपब्लिक’ हा प्रकल्प मात्र चित्रपटांच्या सुमारे दोनशे वर्षे आधी घडतो, त्यामुळे तो स्वतंत्रपणे वाचता येतो.

निवड झाल्यावर पुस्तकाची पारख कशी करावी, हा मला सर्वांत महत्त्वाचा भाग वाटतो. अशा कादंबरीच्या लेखकाचे हात बांधलेले असतात: दोन चित्रपटांच्या मधल्या काळात तो हान सोलोसारख्या चित्रपटांतील मुख्य पात्राला मारू शकत नाही, त्याचे लग्न लावू शकत नाही, त्याला कायमचे बदलूही शकत नाही. सामान्य लेखक अशा वेळी पाठलाग आणि स्फोट वाढवत नेतो. चांगला लेखक जोखीम दुसरीकडे नेतो आणि असे नवे पात्र निर्माण करतो, ज्याचे पुढे काय होणार हे वाचकाला ठाऊक नसते. झान यांची मारा जेड ही तशी आहे. ल्यूकचा मनस्वी द्वेष करणाऱ्या या स्त्रीमुळे ल्यूकच्या प्रसंगांतही खरा ताण येतो. म्हणून पहिली साठ-सत्तर पाने वाचून झाली की स्वतःला विचारावे की, चित्रपटात नसलेले एखादे माणूस आपल्याला महत्त्वाचे वाटू लागले आहे का. उत्तर नकारार्थी असेल तर पुस्तक खुशाल बाजूला ठेवावे. मालिकेतील प्रत्येक पुस्तक वाचण्याचे बंधन कोणावरही नाही.

विज्ञानाच्या बाबतीत अपेक्षा आधीच ठरवून घ्यावी. कोल्हापुरात जन्मलेल्या जयंत नारळीकरांच्या कथांतून ज्यांना विज्ञानकथेची गोडी लागली, ते प्रत्येक कल्पनेमागचे भौतिकशास्त्र शोधतात, आणि त्या कथांत ते सापडतेही. इथे यान प्रकाशापेक्षा वेगाने जाण्यासाठी क्षणात ‘हायपरस्पेस’मध्ये शिरते व त्याचे स्पष्टीकरण मिळत नाही. इथला जीव राजकारण, निष्ठा, घराणी आणि युद्ध यांत आहे.

पुस्तके इंग्रजीत वाचायची असल्याने एक सवय लावून घ्यावी. ग्रह, जमाती आणि यानांची नावे कोशात शोधू नयेत, ती लेखकांनी रचलेली असतात. अडलेले नेहमीचे इंग्रजी शब्द तेवढे पाहावेत. अनेक प्रतींच्या सुरुवातीला कालरेषा आणि काही मालिकांत पात्रांची यादीही दिलेली असते. पात्रांच्या यादीत खूण ठेवावी. कालरेषेतील तारखा यावीनच्या लढाईच्या, म्हणजे पहिल्या चित्रपटातील अंतिम युद्धाच्या, आधी किंवा नंतर अशा मोजलेल्या असतात. आपले पुस्तक कुठे बसते एवढे पाहून पान उलटावे, कारण पुढच्या पुस्तकांच्या नावांतूनही रहस्ये फुटतात.

जुन्या पुस्तकांच्या दुकानात त्रिखंडाचा मधलाच भाग हाती लागला, तर तो घेऊन ठेवावा पण पहिला मिळेपर्यंत उघडू नये. झान यांचे त्रिखंड नव्या आवृत्त्यांत उपलब्ध असल्याने ते मागवणे अवघड नाही. १८५०पासून चालू असलेल्या करवीर नगर वाचन मंदिरासारख्या संस्थेच्या सभासदांनी खरेदीसाठी नावे सुचवताना संपूर्ण त्रिखंड एकत्र सुचवावे; सुटा पहिला भाग आला की वाचक पुढे अडकतो. पुण्या-मुंबईच्या प्रवासात ऐकण्यासाठी ध्वनिपुस्तके उत्तम आहेत. पार्श्वसंगीत आणि यानांचे आवाज घालून ती तयार केलेली असतात आणि नावांचे उच्चारही कळतात. मात्र नव्वदच्या दशकातील ध्वनिमुद्रणे बहुधा संक्षिप्त असल्याने, विकत घेण्यापूर्वी ती आवृत्ती संपूर्ण असल्याची खात्री करून घ्यावी.