नातवंडांजवळ राहायला जाताय? घर ठरवण्याआधी या चुका टाळा

कऱ्हाडचं घर विकून २०२१ च्या डिसेंबरात आम्ही पुण्याला, वाकडला राहायला आलो. लेक, जावई आणि चार वर्षांची नात तिथं होती. त्यानंतर आमच्या ओळखीतली तीन-चार घरं अशीच सातारा-सांगलीकडून पुण्याला आली, आणि आता दर महिन्याला कुणाचा तरी फोन येतो, "अहो, तुम्ही केलंत तसं आम्हीपण करावं म्हणतोय. कुठं घर बघू?" मी प्रत्येकीला आधी हेच सांगते, की आम्ही केलं तसं करू नका. नातीजवळ येण्याचा निर्णय शंभर टक्के बरोबर होता. घर निवडताना मात्र आमचं चुकलं.

नातवंडाचं आजचं वय धरून घर घेणं

सगळ्यात मोठी चूक ही, आणि बाकीच्या बऱ्याचशा तिच्यातूनच निघतात. एक साधा हिशेब मांडा. तुम्ही ६२ वर्षांचे, नातू ४ वर्षांचा. शाळेच्या गाडीपाशी उभं राहायला, दुपारी जेवू घालायला, ताप आला तर मांडीवर घ्यायला त्याला तुम्ही लागणार ते फार तर १२ वर्षांचा होईपर्यंत. म्हणजे आठ वर्षं. पुढं त्याचे क्लास, त्याचे मित्र, त्याचा मोबाइल. तुम्ही तेव्हा सत्तरीचे असाल आणि देवाच्या दयेनं पुढची पंधरा-वीस वर्षं त्याच घरात काढायची असतील.

त्यात मुलांच्या नोकऱ्या. आज हिंजवडी, उद्या बंगळुरू. आमच्या ओळखीतल्या एका जोडप्यानं मुलाशेजारी म्हणून वाघोलीला अकराव्या मजल्यावर फ्लॅट घेतला. दोन वर्षांत मुलगा कंपनीतर्फे टोरांटोला गेला. आता सकाळी नऊनंतर सगळी सोसायटी रिकामी होते आणि खाली बोलायला फक्त वॉचमन असतो. घर वाईट नाही, पण ते ज्या कारणासाठी घेतलं ते कारणच निघून गेलं.

म्हणून फ्लॅट बघायला गेलात की गॅलरीत उभं राहून स्वतःला एकच विचारा. उद्या मुलं इथून गेली, तरी मला या जागी राहावंसं वाटेल का? उत्तर 'नाही' असेल तर तिथं घर विकत घेऊ नका. नातवंडांपुरतं भाड्यानं राहा.

आल्या आल्या विकत घेणं

आम्ही डिसेंबरात फ्लॅट बघितला. हवा छान, नळाला पाणी, रस्ता कोरडा. एप्रिल लागला तसे सोसायटीच्या दारात टँकर यायला लागले आणि मेंटेनन्सच्या बिलात पाण्याची वेगळी ओळ आली. पुण्याच्या कडेच्या बऱ्याच भागांत हे दर उन्हाळ्याचं आहे. सेक्रेटरींना आधी विचारलं असतं तर कळलं असतं, पण काय विचारायचं तेच आम्हाला ठाऊक नव्हतं.

पावसाचंही तसंच. जुलै २०२४ मध्ये खडकवासल्यातून पाणी सोडलं तेव्हा सिंहगड रस्त्यावरच्या एकता नगरीत लोकांच्या घरांत पाणी शिरलं. जानेवारीत तिथं घर बघणाऱ्याला त्याची काय कल्पना येणार?

तेव्हा ११ महिन्यांच्या करारानं आधी भाड्यानं राहा. करार रजिस्टर करा. महाराष्ट्रात तो बंधनकारक आहे आणि आता घरबसल्या होतो. त्या मुदतीत एक मे महिना आणि एक पावसाळा आलाच पाहिजे. टँकर, गळती, तुंबणारा रस्ता, लिफ्टला जनरेटर आहे की नाही, हे सगळं त्यात आपोआप कळतं.

"पण गावचं घर विकलंय, पैसे लगेच गुंतवले नाहीत तर कर लागेल ना?" असं म्हणून लोक घाई करतात. जुनं घर विकल्यापासून दुसरं घर घ्यायला दोन वर्षं मिळतात, बांधायचं असेल तर तीन. फक्त विवरणपत्र भरायच्या मुदतीपर्यंत घरात न गुंतवलेला नफा बँकेत कॅपिटल गेन्सच्या खास खात्यात ठेवावा लागतो. साध्या एफडीत ठेवून चालत नाही. सीएकडे विक्रीचा करार करायच्या आधी जा, नंतर नको. आणि घर फक्त बायकोच्या नावानं घेतलं तर महाराष्ट्रात स्टँप ड्युटीत एक टक्का सवलत आहे, तेही त्याच भेटीत विचारून घ्या.

अंतर नकाशावर मोजणं

आमच्या घरापासून लेकीचं घर नकाशावर ७०० मीटर होतं. मध्ये मुंबई-बंगळुरू महामार्ग होता. पलीकडच्या बाजूला फ्लॅट बारा लाखांनी स्वस्त मिळाला आणि आम्हाला वाटलं, ७०० मीटर म्हणजे कृष्णेच्या घाटावर जाऊन यायचं तेवढंच तर आहे.

पहिल्याच आठवड्यात कळलं. नातीची व्हॅन पावणेएकला लेकीच्या सोसायटीच्या गेटवर येते. मी सव्वाबाराला निघायची. फूटपाथ अर्धा गाड्यांनी भरलेला, म्हणून रस्त्यावर उतरून चालायचं. मग अंडरपास. तिथं दुचाक्या दोन्ही दिशांनी येतात, आणि पाऊस पडला की घोट्याएवढं पाणी साचतं. परत येताना एका खांद्यावर तिचं दप्तर, एका हातात पाण्याची बाटली, एका बोटाला ती. हॉर्न वाजला की ती दचकून माझ्या पदराला धरायची आणि मी तिथंच थांबायची, कारण पुढं जावं की मागं हेच सुचायचं नाही. दोन पावसाळे मी हे केलं. शेवटी गुडघा सुजला तेव्हा नातीला व्हॅनवरून आणायला ह्यांना जावं लागलं.

घर ठरवण्याआधी हा रस्ता स्वतः चाला, शाळेच्या गाडीच्या वेळेला, हातात पाच किलोची पिशवी घेऊन. एकदा सकाळी, एकदा संध्याकाळी सहाला. माझ्या मते जवळचं घर म्हणजे जिथून नऊ वर्षांचं मूल मोठा रस्ता न ओलांडता एकटं आजीकडे येऊ शकतं. त्या बारा लाखांपेक्षा हे मोलाचं आहे.

एकाच घरात राहावं का, हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण दार आपलं वेगळं असावं. दुपारी अर्धा तास आडवं व्हायला, टीव्ही मोठा लावायला, माहेरच्या माणसाला आठ दिवस ठेवून घ्यायला कुणाला विचारावं लागू नये.

घरात टेप न नेणं

मॉड्युलर किचन सगळे बघतात, बाथरूमच्या दाराची रुंदी कुणी मोजत नाही. साधी व्हीलचेअर साधारण २५ ते २७ इंच असते आणि अनेक फ्लॅटमध्ये बाथरूमचं दार चौकटीच्या आत त्याहून अरुंद भरतं. ह्यांचं खुब्याचं ऑपरेशन झालं तेव्हा खुर्ची दारात अडली. महिनाभर त्यांना दोघांनी धरून आत न्यावं लागलं. स्वाभिमानी माणूस, किती अवघडून जायचे ते मी बघितलंय. लिफ्टमध्ये स्ट्रेचर आडवं मावतं का, तेही बघा.

तोंडानं न बोलता सगळं गृहीत धरणं

हा विषय आपल्याकडे निघतच नाही. लेक म्हणते आईला आवडतं, आईला वाटतं नाही म्हटलं तर लेकीला वाईट वाटेल. आमच्याकडे हे लेकीनंच काढलं. एका रात्री भांडी आवरताना म्हणाली, "आई, तुला रोज जमतंय का, खरं सांग. नाही म्हणालीस तर मी पाळणाघर बघेन, पण मनात ठेवून दमू नकोस." मी सांगितलं, दुपारी बारा ते पाच माझी, शनिवार-रविवार तुमचा, आणि दर दोन महिन्यांनी चार दिवस आम्ही कऱ्हाडला जाणार. तेव्हापासून कुणाचं मन दुखावलेलं नाही. विहीणबाईंशीही मोकळं बोला. त्यांचीही ती नात आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत नात त्यांच्याकडे असते आणि मला तेवढी विश्रांती मिळते.

घर मुलांच्या नावावर करून टाकणं

नवं घर घ्यायला मुलांना पैसे दिले आणि आपलं नावच लावलं नाही, असं करू नका. महाराष्ट्रात राहतं घर मुलांना बक्षीसपत्रानं द्यायला स्टँप ड्युटी जेमतेम २०० रुपयांपासून आहे, म्हणून लोक पटकन करून टाकतात. पण बक्षीसपत्र झालं की घर गेलं. मृत्युपत्र मात्र हयातीत कितीदाही बदलता येतं. बक्षीसपत्र करायचंच असेल तर 'आमचा सांभाळ करण्याच्या अटीवर' हे त्यात स्पष्ट लिहून घ्या. २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यात अशी अट मोडल्यास ते रद्द करून मागता येतं. मुलं वाईट असतात म्हणून मी हे सांगत नाही. घटस्फोट, कर्ज, अपघात यांपुढं चांगल्या मुलांचाही इलाज चालत नाही.

दवाखाना आणि आपली माणसं

आरोग्य विम्याच्या काही पॉलिसींत शहराप्रमाणे झोन असतात. लहान गावच्या पत्त्यावर हप्ता कमी असतो, पण मोठ्या शहरात ॲडमिट झालात तर बिलाचा काही हिस्सा स्वतः भरावा लागतो. पत्ता बदलल्यावर कंपनीला लेखी कळवा. वयाची ७० वर्षं झाली असतील तर सरकारचं आयुष्मान वय वंदना कार्ड काढा. उत्पन्न कितीही असो, वर्षाला पाच लाखांपर्यंत मोफत उपचार आहेत. जवळचं कोणतं हॉस्पिटल ते घेतं, एवढं आधी विचारून ठेवा.

आणि माणसं. कऱ्हाडला रोज पहाटे प्रीतिसंगमावर आम्हा सहा जणींचा कट्टा होता. पुण्यात पहिलं वर्ष मी नात झोपली की भिंतीकडे बघत बसायची. घर बघायला जाल तेव्हा चालत जाण्याच्या अंतरावर ज्येष्ठ नागरिक संघ, वाचनालय, भजनी मंडळ किंवा निदान बसायला बाकं असलेली बाग आहे का, ते बघा. संघाच्या सभेला एकदा जाऊन बसा. ओळखीचं बोलणं कानावर आलं तर अर्धं काम झालं.

नातवंडं परदेशात असतील तर इथलं घर बंद करू नका. अमेरिकेत पर्यटक व्हिसावर एका वेळी साधारण सहा महिनेच राहता येतं. कॅनडाच्या सुपर व्हिसावर, म्हणजे आई-वडील आणि आजी-आजोबांसाठीच्या खास व्हिसावर, एका खेपेला पाच वर्षांपर्यंत राहता येतं, पण आरोग्य विमा आपल्यालाच काढावा लागतो. थंडीचे महिने टाळून जा आणि इथली किल्ली भरवशाच्या शेजाऱ्याकडे ठेवा.

चूक होऊन गेली असेल तर

आमची झालीच होती. लगेच फ्लॅट विकायचा नाही, एवढं शहाणपण सीएंनी शिकवलं. अडीच वर्षांनी आम्ही तो भाड्यानं दिला आणि लेकीच्या गल्लीत तळमजल्यावरचं जुनं घर भाड्यानं घेतलं. दोन्ही भाड्यांत महिना चार हजारांचा फरक पडतो, तो पेन्शनमधून निघतो. बाथरूमचं दार घरमालकाच्या परवानगीनं बाहेर उघडणारं करून घेतलं आणि भिंतीला धरायला दांडा बसवला, दोन दिवसांचं काम.

नात आता नऊ वर्षांची आहे. काल पाऊस होता, तरी छत्री घेऊन एकटीच आली. दारात छत्री झटकताना म्हणाली, "आजी, पुढच्या वर्षीपासून माझा क्लास पाच वाजता आहे, मग मी येईन की नाही माहीत नाही." मी तिला म्हटलं, बरं, आज शिरा केलाय, आधी खा.