काळ्या डागांसाठी लेसर निवडताना या चुका टाळा

"डॉक्टर, तुमच्याकडे कोणतं लेसर आहे?"

माणूस खुर्चीत नीट टेकलेलाही नसतो, तेवढ्यात हा प्रश्न येतो. मी दिवा जवळ ओढते, चेहरा निरखते आणि विचारते, "डाग कधीपासून आहे? आतापर्यंत त्यावर काय काय लावलं?" समोरची व्यक्ती थोडी हिरमुसते. तिला मशीनचं नाव हवं असतं आणि मी अजून डागाचं नाव शोधत असते. गेली कित्येक वर्षं तेच प्रश्न ऐकते आहे आणि त्याच चुका निस्तरते आहे, म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

डागाचं नाव ठरायच्या आधी मशीन ठरवणं

"काळा डाग" ही तक्रार झाली. निदान अजून व्हायचं असतं. एकाच गालावर तीन वेगळ्या जातींचे डाग शेजारी शेजारी असू शकतात आणि तिघांना तीन वेगळे उपाय लागतात.

वर्षानुवर्षांच्या उन्हाने आलेला लेंटिगो असतो: कडा स्पष्ट, रंग एकसारखा तपकिरी. वांग असतो: दोन्ही गालांवर, कपाळावर, वरच्या ओठावर, जवळपास सारखाच पसरलेला, कडा वेड्यावाकड्या. मुरूम फोडल्यामुळे राहिलेला डाग बरोबर मुरमाच्याच जागी असतो आणि बहुतेकदा वेळ दिला की आपणहून फिका होत जातो. डोळ्याभोवती एकाच बाजूला निळसर-करडा पट्टा असेल, लहानपणापासून असेल, तर तो नीव्हस ऑफ ओटा असण्याची शक्यता मोठी. त्याचा रंग खोल, त्वचेच्या दुसऱ्या थरात असतो. मानेवरचा जाडसर, मखमली काळेपणा तर चेहऱ्यावरच्या डागांच्या यादीतलाच नव्हे. तिथे आधी रक्तातली साखर आणि वजन बघायचं, कारण त्यामागे बहुतेक वेळा शरीर इन्सुलिनला दाद देत नसतं. त्यावर लेसर मारून घेणारी माणसं बघितली की खरंच वाईट वाटतं.

हे भेद इतके का जपायचे, ते लेसरच्या कामातच आहे. १९८३ मध्ये अँडरसन आणि पॅरिश यांनी एक तत्त्व मांडलं: योग्य तरंगलांबीचा प्रकाश योग्य तेवढ्याच क्षणापुरता दिला, तर तो ठरावीक रंगाचं लक्ष्य तापवतो आणि आजूबाजूची त्वचा वाचते. मेलॅनिनचे, म्हणजे त्वचेला रंग देणाऱ्या द्रव्याचे, कण अतिसूक्ष्म असतात. त्यांच्यातली उष्णता बाहेर झिरपायच्या आत पल्स, म्हणजे प्रकाशाचा एक झटका, संपावी लागते, म्हणून क्यू-स्विच्ड लेसरची पल्स सेकंदाच्या काही अब्जांश भागांइतकी छोटी असते. मग प्रश्न येतो खोलीचा. ५३२ नॅनोमीटरचा हिरवा प्रकाश वरच्या वर थांबतो आणि मेलॅनिन तो अधाशासारखा शोषतं. ६९४ आणि ७५५ त्याहून खोल जातात. १०६४ सगळ्यांत खोल जातो आणि मेलॅनिन तो तुलनेने कमी शोषतं, म्हणून सावळ्या त्वचेवर तो जास्त सुरक्षित. ज्याच्या सगळ्या चेहऱ्याच्या त्वचेतच भरपूर मेलॅनिन आहे, त्याच्यावर ५३२ वापरला तर तो डाग आणि डागाशेजारची निरोगी त्वचा यांत फार फरक करत नाही.

आता हे जुळवून बघा. लेंटिगोवर ५३२ किंवा ७५५, रंग गोरा असेल तर बऱ्याचदा एक-दोन सिटिंगमध्ये छान काम. नीव्हस ऑफ ओटाला १०६४, दोन-तीन महिन्यांच्या अंतराने अनेक सिटिंग, पण त्याचा निकाल इतका चांगला येतो की तो उपचार मी मनापासून सुचवते. आणि वांग? वांगाला लेसर ही पहिली पायरी नाहीच. या एका वाक्यावर माझे जितके वाद झालेत, तितके कशावरच झाले नसतील.

एक शिक्षिका माझ्याकडे आल्या तेव्हा त्यांच्या दोन्ही गालांवर गडद आयताकृती ठसे होते, एकाला एक लागून, फरशी बसवल्यासारखे. आकार बघूनच कळलं की हे आयपीएलच्या (तीव्र प्रकाशाचा झोत टाकणाऱ्या यंत्राच्या) त्वचेवर टेकवायच्या हँडपीसचे ठसे आहेत. मुळात त्यांना साधा वांग होता, दुसऱ्या बाळंतपणानंतर आलेला. कुठेतरी "लेसर" म्हणून आयपीएलच्या सहा सिटिंग झाल्या होत्या. दुसऱ्या सिटिंगनंतर चेहरा उजळला, तेव्हा त्या खूश झाल्या. चौथ्यानंतर डाग गडद व्हायला लागला. त्यांनी विचारलं तर उत्तर मिळालं, "आतला डाग वर येतोय, म्हणजे निघतोय." म्हणून ताकद वाढवून आणखी दोन सिटिंग झाल्या.

हे वाक्य मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकलंय की आता ते ऐकलं की राग येतो. लेंटिगोवर योग्य उपचार झाल्यावर सात-दहा दिवस खपली काळी दिसते आणि गळून पडते, ती गोष्ट वेगळी. पण खपली नसताना, तीन-चार आठवड्यांनी त्वचा गडद होत असेल, तर ती त्वचा दुखावली आहे. तिथे थांबायचं असतं.

वांगात नुसता रंग साचलेला नसतो. रंग बनवणाऱ्या पेशीच चिडलेल्या असतात. ऊन, डोळ्यांना दिसणारा साधा प्रकाश, हार्मोन्स, उष्णता, सगळंच त्यांना डिवचतं. लेसरने साठलेला रंग फुटतो, चेहरा काही आठवडे उजळतो, आणि त्याच उष्णतेने चिडलेली पेशी पुन्हा दुप्पट रंग ओतायला लागते. त्या शिक्षिकांचं मी सगळं बंद केलं. आयर्न ऑक्साइड असलेलं रंगीत सनस्क्रीन, आठ आठवडे डाग फिका करणारं हायड्रोक्विनोन-ट्रेटिनॉइन-सौम्य स्टेरॉइडचं मिश्रण माझ्या देखरेखीखाली, मग ते थांबवून अॅझेलाइक अॅसिड. ठसे जाऊन मूळ वांग जसा होता तसा दिसायला अकरा महिने लागले. ज्या जागेवरून त्या निघाल्या होत्या तिथे परत यायला अकरा महिने. त्यानंतर खऱ्या उपचाराला सुरुवात झाली.

"लेसर टोनिंग" नावाने कमी ताकदीचं १०६४ दर आठवड्याला मारायची पद्धत आहे, त्याबद्दलही सांगते. काहींना उपयोग होतो. पण अंतर न ठेवता सिटिंगमागून सिटिंग केल्या, तर चेहऱ्यावर पावसाच्या थेंबांसारखे पांढरे ठिपके उठतात, आणि ते काळ्या डागापेक्षा हट्टी असतात. थांबवल्यावर वांग परतण्याचं प्रमाणही बरंच. माझी सवय अशी: निदान तीन महिने क्रीम आणि सनस्क्रीन नियमित, डाग स्थिर, मगच टोनिंगचा विचार, तोही मोजक्या सिटिंगचा आणि भरपूर अंतराने. दहा सिटिंगचं पॅकेज आधीच घेऊन टाकणाऱ्यांना मी हात जोडून सांगते, तिसऱ्या सिटिंगला त्वचा काय म्हणते ते बघितल्याशिवाय दहावी ठरवताच येत नाही.

टेस्ट पॅच (आधी छोट्या जागेवर करून बघणं) टाळणं, किंवा दुसऱ्या दिवशीच "पास" म्हणणं

ही चूक मी स्वतः केलेली आहे. स्वतंत्र काम सुरू करून थोडेच दिवस झाले होते. एक तरुण आला, गव्हाळ-सावळा रंग, गालांवर सात-आठ लेंटिगो. तीन आठवड्यांनी त्याला स्टेजवर उभं राहायचं होतं. तो नुकताच डोंगर भटकून आला होता. कॉलरच्या रेषेवर चेहऱ्याचा आणि मानेचा रंग वेगळा दिसत होता. मी ते पाहिलं आणि सोडून दिलं. निदान बरोबर होतं, यंत्र चांगलं होतं, त्याला घाई होती आणि मलाही काम करून दाखवायचं होतं. ५३२ लावलं. डागावर पांढरट झाक उमटली, जशी उमटायला हवी तशीच. आठव्या दिवशी खपल्या पडल्या, खाली गुलाबी त्वचा. त्याने आनंदाने फोन केला.

चौथ्या आठवड्यात तो परत आला. प्रत्येक डागाच्या जागी आधीपेक्षा गडद आणि मोठं वर्तुळ होतं. ते फिकं व्हायला सहा महिने गेले. तो एकदाही मला वाकडं बोलला नाही, त्याने ते जास्त लागलं.

तेव्हापासून कितीही घाई असली तरी मी दोन गोष्टी सोडत नाही. पहिली, दंडाच्या आतल्या बाजूची त्वचा आणि चेहरा शेजारी ठेवून बघते. चेहरा रापलेला असेल तर चार आठवडे उन्हापासून जपून या, असं सांगून परत पाठवते. दुसरी, कानापुढे किंवा जबड्याच्या कडेला, जिथे डाग आहे पण सहज दिसत नाही अशा जागी, तीन वेगळ्या ताकदींचे छोटे पॅच लावते आणि सहा आठवडे वाट बघते. चोवीस तासांत फक्त भाजलं की नाही एवढंच कळतं. दाहानंतरचा काळेपणा तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात डोकं वर काढतो. सहा आठवडे ऐकल्यावर काही जण उठून दुसरीकडे जातात. जाऊ देते.

बदलणारा तीळ किंवा डाग "लेसरने काढून टाका" म्हणणं

नाही. दोन्ही बाजू सारख्या नाहीत, कड फाटल्यासारखी आहे, एकाच डागात दोन-तीन रंग आहेत, सहा मिलिमीटरपेक्षा मोठा आहे, किंवा गेल्या काही महिन्यांत बदलतोय, खाजतोय, रक्त येतंय, तर आधी डर्मोस्कोप, म्हणजे त्वचा मोठी करून दाखवणारं भिंग, आणि गरज पडली तर तुकडा काढून तपासणी. लेसर वरचा रंग पुसतं. खाली जर कर्करोग असेल तर तो तसाच वाढत राहतो, आणि आता तो ओळखायची खूणही गेलेली असते. इथे मी कुणाचीही भीड बाळगत नाही.

बाकीच्या चुका, ज्या थोडक्यात सांगून भागतात:

आयपीएल हे लेसर नाही, ते अनेक तरंगलांबींचा एकत्र झोत आहे. गोऱ्या त्वचेवरच्या उन्हाच्या डागांना चांगलं, सावळ्या त्वचेवर जपून.

पिकोसेकंद लेसर (क्यू-स्विच्डपेक्षाही छोट्या पल्सचं) म्हणजे आपोआप उत्तम, असं नाही. २०१२ मध्ये अशा पहिल्या यंत्राला अमेरिकेत मान्यता मिळाली, तंत्र खरोखर चांगलं आहे, पण चुकलेलं निदान ते दुरुस्त करत नाही.

कार्बन डायऑक्साइड लेसर पाण्याला तापवतं, रंगाला नाही. सपाट डाग त्याने जाळून काढायला गेलात तर डागाच्या जागी व्रण मिळू शकतो.

औषधं लपवू नका. मुरमांसाठीचं आयसोट्रेटिनॉइन, डॉक्सिसायक्लिन, ओठावर वारंवार उठणारी नागीण, जखमेवर मांस वाढायची सवय, गरोदरपण, आणि कधीकाळी संधिवातासाठी घेतलेली सोन्याची इंजेक्शनंसुद्धा. या शेवटच्यांमुळे क्यू-स्विच्ड लेसरनंतर त्वचा निळी-करडी पडते, आणि हे विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही.

मैत्रिणीने दिलेलं "गोरं करणारं" क्रीम तर डबीसकट घेऊन या. त्यात तीव्र स्टेरॉइड असेल तर त्वचा आधीच पातळ आणि लालसर झालेली असते. तिला आधी सावरू द्यायचं, लेसर खूप नंतर.

डोळ्यांवर त्याच तरंगलांबीचं संरक्षण हवं. १०६४ डोळ्यांना दिसतच नाही, पण डोळ्याच्या आतल्या पडद्यापर्यंत पोचतो. नुसते डोळे मिटून घेणं पुरेसं नाही.

खपली ओढायची नाही. आंघोळीत चोळायचीही नाही.

सनस्क्रीनबद्दल मात्र एक ओळ पुरत नाही. एसपीएफ ३० किंवा जास्त, चेहऱ्याला आणि मानेला तर्जनी-मधल्या बोटांवर काढलेल्या दोन पूर्ण रेघांएवढं, बाहेर असाल तर दर दोन तासांनी पुन्हा. "मी घरातच असते" हे कारण मला पटत नाही, कारण खिडकीच्या काचेतून अतिनील अ किरण आत येतात. वांग असेल तर दिसणारा प्रकाशही त्रास देतो, आणि तो अडवायला रंगीत, आयर्न ऑक्साइडवालं सनस्क्रीन लागतं. पांढरं, पारदर्शक लावून तेवढं होत नाही. जे लोक एवढं तीन महिने करू शकत नाहीत, त्यांच्यावर मी लेसर करत नाही.

पहिल्या भेटीत डॉक्टरांना मशीन विचारण्याऐवजी हे विचारा: या डागाचं नाव काय? रंग किती खोल आहे? माझ्या रंगाच्या त्वचेवर तुम्ही हे किती वेळा केलंय? गडद झालं तर पुढे काय करणार? लेसर स्वतः तुम्ही माराल की दुसरं कुणी? उत्तरं द्यायला वेळ नाही असं दिसलं, तर तुम्हीही तिथे वेळ घालवू नका.

आणि फोटो काढून ठेवा. एकाच खिडकीपाशी, एकाच वेळी, मेकअपशिवाय, दर चार आठवड्यांनी. रोज आरशात बघणाऱ्याला बदल कळत नाही, चांगलाही आणि वाईटही. त्या शिक्षिकांच्या फोनमध्ये प्रत्येक सिटिंगनंतरचे फोटो होते. मी ते एकाखाली एक लावून दाखवले, तेव्हा चौथ्या फोटोवर बोट ठेवून त्या म्हणाल्या, "इथेच थांबायला हवं होतं ना?" मी हो म्हटलं.